वाळूचं सातवं पोतं

दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या गाडीच्या डिकीत एक पोतं चढतं आणि एप्रिलमध्ये उतरतं. वीस पौंडी बासमतीचं जुनं, तागाचं पोतं. आत तांदूळ नाही, वाळू आहे. आता ते मला एकटीला उचलवत नाही, नवऱ्याला हाक मारावी लागते, आणि तो दर वर्षी न चुकता कुरकुरतो. मुलगी तर हसतेच. म्हणते, "मॉम, इट्स फ्रंट व्हील ड्राइव्ह. मागे वजन ठेवून काय होणार? इट मेक्स नो सेन्स." तिचं बरोबर आहे. पुढची चाकं ओढतात त्या गाडीला मागच्या वजनाचा काडीचा उपयोग नसतो. हे मला तिच्या जन्माआधी एका माणसाने शिकवलं होतं. आणि पोतंही त्याच माणसाचं आहे.

आम्ही सगळे त्यांना पिकअपकाका म्हणायचो. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत ट्रॉयला आलो तेव्हा तिथल्या मराठी मंडळात दोनच जाती होत्या, डॉक्टर आणि इंजिनिअर. काका दोन्हींत बसत नव्हते. सांगलीकडचे, डिप्लोमावाले, एका लहानशा वर्कशॉपमध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचे, घासायचं काम करायचे. बाकीच्यांच्या ड्राइव्हवेवर चकचकीत सेडान, आणि यांच्याकडे विटकरी रंगाचा, गंजाने कडा खाल्लेला पिकअप ट्रक. पन्नाशीचे होते, लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "वेळेवर निघालो नाही." पुढे विचारायची सोयच नसायची.

मंडळात त्यांना कुणी कमिटीवर घेत नसे. खुर्च्या आणा, पातेली पोचवा, स्टेजचं सामान उचला, की काका. कुणाचं घर बदलायचं असलं की काका. इंडियन ग्रोसरीचं दुकान तेव्हा पाऊण तासावर होतं. दर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका पाच-सहा घरांची तांदळाची पोती एकदम उचलून आणायचे आणि हॉलवर ज्याची त्याला द्यायचे. लोक "थँक यू काका" म्हणायचे आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागायचे. मीही तशीच, उगाच खोटं कशाला सांगू.

पण पहिला बर्फ पडला की चित्र पालटायचं. डिसेंबर ते मार्च काका आमचे राजे असायचे.

त्याचं असं होतं की आम्ही सगळे उन्हातून आलेली माणसं. मी नागपूरची, माझा नवरा सोलापूरचा. बर्फ आम्ही फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. गाडी चालवायला उन्हाळ्यात शिकायचं, लायसन्स मिळवायचं, आणि मग पहिल्याच थंडीत मेलबॉक्सला मिठी मारायची, हा इथल्या प्रत्येक मराठी घराचा रिवाज. ते थांबवायला म्हणून काकांनी शाळा काढली होती. नवीन जोडपं आलं, की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या मोठ्या पार्किंग लॉटवर हजर. तिथे कुणी बर्फ काढत नसे. शिकायचं काकांच्या पिकअपवरच. "याच्यावर जमलं तर कशावरही जमेल," म्हणायचे. "नाठाळ आहे तो. सेडान तुमच्या चुका पोटात घालते, हा सगळ्या गावाला दाखवतो."

मी गेले तेव्हा आधी त्यांनी माझे बूट काढायला लावले. बाहेर उणे दहा असेल, आणि हा गृहस्थ म्हणतो बूट काढा. सीटमागे एका पिशवीत पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट होते, सगळ्या मापांचे, धुऊन जोड्या बांधून ठेवलेले. "बर्फातले बूट बर्फात चालायला. गाडीत पायाला कळलं पाहिजे खाली काय चाललंय ते. या, ड्रायव्हर, बसा." शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ड्रायव्हर म्हणायचे. बाई असो, पुरुष असो, सर्जन असो. मला आयुष्यात तोवर सूनबाई, वहिनी, मिसेस अमुकतमुक, सगळं म्हणून झालं होतं. ड्रायव्हर पहिल्यांदाच कुणी म्हटलं. मला ते फार आवडलं होतं.

शिकवताना ते एकदाही ओरडले नाहीत. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बाईला याची किंमत विचारा. नुसतं बोलत राहायचे, संथ, कीर्तनकारासारखं. "पिकअपचं सगळं वजन पुढे, इंजिनात. ढुंगण हलकं." हो, ढुंगण हाच शब्द, बायकांसमोरसुद्धा. "आणि ढकलतात मागची चाकं. म्हणजे ज्याच्यावर जोर नाही त्याच्यावर काम. म्हणून ते घसरतं. घसरलं की काय करायचं? ब्रेक? नाही. पाय उचलायचा आणि ढुंगण जिकडे चाललंय तिकडे स्टीअरिंग फिरवायचं. बर्फाशी भांडायचं नाही, ड्रायव्हर. त्याला विचारायचं, कुठे निघालास बाबा, चल, थोडं तुझ्याबरोबर येतो."

मग ते मुद्दाम मला वेगात न्यायला लावायचे, मुद्दाम ब्रेक मारायला लावायचे, आणि गाडी गर्रकन फिरली की शांतपणे म्हणायचे, "छान. आता कळलं ना असं करायचं नाही? परत." अकरा वेळा फिरले मी. बाराव्या वेळी पाय आपोआप उचलला गेला, हात आपोआप फिरले, आणि तो नाठाळ ट्रक सरळ झाला. मी रडले. काकांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ब्रेक टपटप मारायचे, दाबून धरायचे नाहीत. उतारावर आधीच गिअर खाली घ्यायचा. आणि पुलावर जपायचं. रस्त्याखाली जमीन असते, तिची थोडी ऊब असते. पुलाखाली काय असतं? वारा. सगळ्यात आधी पूल गोठतो."

माझ्या माहितीत त्यांच्या हाताखालून वीसेक माणसं गेली. त्यातलं कुणीही नंतर मेलबॉक्सला मिठी मारली नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वाळू. ट्रकच्या मागच्या हौद्यात थंडीभर वाळूची सात पोती असायची, मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, बरोब्बर वर. टेलगेटपाशी, मागच्या फळीला टेकून, नाही. "टेलगेटपाशी ठेवलं तर पुढची चाकं उचलली जातात, मग स्टीअरिंग कुणाचं ऐकणार?" आधी ते दुकानातून विकतच्या वाळूच्या पिशव्या आणायचे, पण त्या प्लास्टिकच्या, थंडीने तडकायच्या. म्हणून एका वर्षी त्यांनी घराघरातून बासमतीची रिकामी तागाची पोती मागून घेतली. वाळू स्वतःच्या ओव्हनमध्ये थोडीथोडी करून भाजली, अगदी रवा भाजावा तशी. ओली वाळू गोठून दगड होते, दगडासारखं पोतं वळणावर घसरतं, असं त्यांचं म्हणणं. मग दाभण आणि सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवली. टाका असा एकसारखा की शिंप्याने बघत राहावं. डाय घासणारा हात तो.

निघायच्या आधी ट्रकला एक फेरी मारायची, ताडपत्रीखाली हात घालून एकेक पोतं थापटायचं आणि विचारायचं, "बसलात का सगळे?" पोत्यांना विचारायचं. रस्ता कोरडा असला तरी, मे महिना जवळ आला असला तरी. आमच्या पार्ट्यांमध्ये याची नक्कल व्हायची. माझा नवरा फार छान करायचा, सोफ्याच्या उशा थापटून. सगळे लोळायचे. काकाही हसायचे.

त्या सात पोत्यांतली दोन माझ्या घरची होती. मीच दिली होती त्यांना रिकामी करून, धुऊन. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला कुठेही पळायला जागा राहू नये.

माझी तिथली दुसरी थंडी. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम, एका शाळेच्या कॅफेटेरियात, शनिवारी दुपारी. त्या वर्षी पहिल्यांदाच मला किचन दिलं होतं. म्हणजे दीडशे माणसांचा मसालेभात, मठ्ठा, जिलबी, सगळं माझ्या हुकमाने. आज हसू येतं, पण तेव्हा मला कोण आनंद झाला होता. नोकरी नव्हती, व्हिसा नवऱ्याचा, दिवसभर घरात मी आणि टीव्ही. कुणीतरी माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. ते सोपवलं होतं मंडळाच्या अध्यक्षांनी. ते हार्टचे डॉक्टर होते, तोलामोलाचे गृहस्थ, आणि त्यांचा शब्द मंडळात शेवटचा असायचा.

काका सकाळीच ट्रक घेऊन आले. मागे नेहमीप्रमाणे घरोघरचा तांदूळ होता, त्यातलीच दोन पोती किचनची. "तांदूळ मागे आहे," एवढं सांगून ते आत टेबलं लावायला गेले. अकराच्या सुमाराला बर्फ पडायला लागला, मोठाले ओले पुंजके. मला वाटलं, लोकांचा तांदूळ भिजेल. नवऱ्याला घेऊन बाहेर गेले, ताडपत्री सोडली. खाली पंधरा पोती, सगळी सारखी. मी एक क्षणही विचार केला नाही. "सगळं आत घे," म्हटलं.

नवरा चौथ्या-पाचव्या पोत्याशी थांबला. "अगं, हे जड का लागतंय? वीस पौंड वाटत नाही हे."

"व्यायाम करत जा," मी म्हटलं.

सगळी पोती आम्ही स्टोअररूममध्ये रचली. ताडपत्री मी स्वतः परत नीट बांधली. माझ्या त्या नीटनेटकेपणाचा मला आजही राग येतो.

तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला. ते हॉस्पिटलमध्ये अडकले होते, आणि त्यांच्या आई घरी एकट्या होत्या. हळदीकुंकवाची सुरुवात त्या आजींच्या हस्ते व्हायची होती. कुणाला पाठवायचं? मीच बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्या तोऱ्यात. "काका जातील की. त्यांच्याइतकं सेफ कोण आहे?"

काका कोट चढवून बाहेर पडले. मी मागोमाग दारापर्यंत गेले, कारण बारा वाजत आले होते आणि मला सगळं वेळेवर हवं होतं. ते सवयीने ट्रकच्या मागे निघाले, फेरी मारायला. मी दारातून म्हटलं, "काका, मागचं मी सगळं बघितलंय, तुम्ही निघा फक्त. आजी कोट घालून ताटकळल्या असतील."

ते थांबले. "तांदूळ उतरवून झाला?"

"हो, झाला. ताडपत्रीही बांधली."

त्यांनी ताडपत्रीकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहून मान डोलावली, ड्रायव्हरने ड्रायव्हरला डोलवावी तशी, आणि फेरी न मारता गाडीत बसले. माझ्या पाहण्यात तेव्हा पहिल्यांदाच.

साडेबाराला मी किचनमध्ये एकटी होते, बाकीच्या बायका बाहेर वाण मांडत होत्या. मी कात्रीने एका पोत्याचं तोंड उघडलं आणि परातीत उपडं केलं. भाजलेली, कोरडी वाळू. अगदी तांदळासारखी सळसळत आली, मूठभर परातीबाहेरही सांडली. मला दोन सेकंद काही कळेना. मग पोत्यावरची सुतळी दिसली, तो एकसारखा टाका दिसला.

मी तशीच, बिनकोटाची, बाहेर धावले. ट्रकच्या चाकोऱ्या बुजत चालल्या होत्या. आत येऊन कॉरिडॉरमधल्या फोनवरून डॉक्टरांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. म्हणजे आजींना घेऊन निघाले होते. तेव्हा खिशात फोन नसायचे कुणाच्या. गाडी एकदा दाराबाहेर गेली की तिचं काय झालं ते ती परत आल्यावरच कळायचं. मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो किल्ल्या घेऊन बाहेर पडला.

तासाभराने परत आला. हायवेवरच्या पुलावर झालं होतं. पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, काकांनी पाय उचलला असणार, सगळं बरोबर केलं असणार, पण हलका ट्रक मागून फिरला आणि पूल ओलांडून पलीकडच्या खड्ड्यात उतरला. आजींचं मनगट मोडलं होतं. बाकी काही नाही, म्हणजे देवाची कृपाच. काका त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलला गेले होते, आणि ट्रक टो करून शाळेच्या आवारात आणून ठेवत होते.

"पोती परत ठेवून देऊ," नवरा म्हणाला. "त्यांचं सामान आहे."

"आणि सांगायचं काय?"

"आत्ता सांगून काय होणार आहे? आजींचा हात बरा होणार आहे का?" त्याने ते प्रेमानेच म्हटलं, मला वाचवायला. मला तेच ऐकायचं होतं.

सहा पोती जशीच्या तशी होती. सातवं मी उघडलेलं. पोती परत ठेवण्यापर्यंत एक वेळ ठीक होतं, ज्याचं त्याला दिलं म्हणता आलं असतं. पण मी वाणाच्या पिशव्या शिवायला आणलेली सुई घेतली, पांढरा जाड दोरा घेतला, परातीतली वाळू परत भरली आणि त्या पोत्याचं तोंड शिवून टाकलं. ते शिवायची काय गरज होती? तुम्ही विचारा, मी इतकी वर्षं विचारतेच आहे. चूक पोती उतरवताना झाली. ती कुणाकडूनही झाली असती. पण हे मी केलं, हाताने, एकेक टाका घालून. मग आम्ही दोघांनी सातही पोती एक्सलवर रचून ताडपत्री बांधली. कार्यक्रम झाला. मसालेभात चांगला झाला होता म्हणे.

चारच्या सुमाराला डॉक्टर काकांना घेऊन आले. माणसं निघायच्या बेतात होती, सगळी दाराशी उभी. डॉक्टर तडक ट्रककडे गेले, ताडपत्री वर केली आणि पोती बघून त्यांचा तोलच गेला. "एवढी वाळू भरून फिरता. रविवारी शाळा भरवता, लोकांना अक्कल शिकवता. आणि माझ्या आईला खड्ड्यात घालता?"

काका बघत राहिले. खड्ड्यात उतरल्यावर त्यांनी हौदा पाहिला असणारच, रिकामा. आता तिथे सात पोती. ते पुढे झाले आणि सवयीने एकेकावर हात ठेवत गेले. सहा झाली. सातव्यावर हात थांबला. त्यांनी अंगठा त्या पांढऱ्या दोऱ्यावरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मान वर करून दाराकडे पाहिलं. मी बायकांच्या मागे उभी होते, तरी त्यांना सापडले.

मला वाटलं, आता बोलतील. अर्धं मन म्हणत होतं, बोला एकदाचं.

"हो डॉक्टर," काका म्हणाले. "वाळू होती. चूक माझी झाली. आजींना विचारा काही लागलं तर, मी येईन." आणि डॉक्टरांना पाठ न दाखवता, हात जोडून, मागे सरकत ते ट्रकमध्ये जाऊन बसले.

मी काहीच बोलले नाही. किचन माझं होतं, नाव चांगलं झालं होतं, डॉक्टर संतापलेले होते, शंभर माणसं बघत होती. कारणं म्हणून ही सगळी खरीच आहेत. पण मला माहीत आहे, मी घाबरले एवढंच.

पुढच्या थंडीत मंडळाच्या पत्रकात दोन ओळी आल्या. नव्या सभासदांनी गाडी लायसन्सधारी ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिकावी, खाजगी वर्गांशी मंडळाचा संबंध नाही. नाव कुणाचं नव्हतं, गरजच नव्हती. पार्ट्यांमधली नक्कल बदलली. आता उशा थापटून झाल्या की शेवटी सोफ्यावरून खाली पडायचं. माझ्या नवऱ्याने नक्कल करायची सोडली होती, दुसरं कुणीतरी करायचं. आणि हे मी लिहिते आहे तर लिहूनच टाकते, एकदा मी हसलेही. सगळे हसत होते तेव्हा.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. नऊ-सव्वानऊला मी दूध आणायला म्हणून निघाले होते, त्या फर्निचरच्या दुकानावरूनच रस्ता जातो. पार्किंग लॉटवर ताजा, कुणी न तुडवलेला बर्फ होता, आणि मधोमध विटकरी ट्रक. काका बाहेर उभे होते. टेलगेट उघडं टाकून त्यावर कॅनव्हासच्या बुटांच्या जोड्या ओळीने मांडल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्या वर्षी आमच्याकडे चार नवीन जोडपी आली होती, आणि त्यातलं एकही नव्हतं.

मी वेग कमी केला, त्यांनी शिकवला तसा, पाय उचलून, ब्रेक न लावता. वळायचं म्हटलं असतं तर जागा होती. नुसतं जाऊन उभी राहिले असते तरी चाललं असतं, काका, मला परत शिकवा, म्हणाले असते. त्यांनी गाडी ओळखली असेल. हात वर केला की टोपी सारखी केली, मला नक्की दिसलं नाही. मी तशीच पुढे गेले आणि दूध घेऊन दुसऱ्या रस्त्याने घरी आले.

त्याच थंडीत नवीन आलेल्या एका मुलीने पुलावर ब्रेक दाबून धरला आणि कठड्यावर गेली. पाय मोडला, वाचली. तिला भेटायला मी डबा घेऊन गेले होते. ती म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो, पुलावर असं होतं म्हणून." मी तिची उशी सारखी केली.

मार्चमध्ये काका आमच्या घरी आले. न कळवता, भर दुपारी. टेक्सासला चालले होते, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. ट्रक विकून टाकला होता, कुणाची तरी गाडी मागून आणली होती, आणि ती तासाभरात परत करायची होती. डिकीतून त्यांनी एक पोतं काढलं, खांद्यावर घेतलं आणि आमच्या गॅरेजमध्ये भिंतीशी ठेवलं. पांढऱ्या दोऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला.

"सहा ट्रकबरोबर दिली," ते म्हणाले. "हे ठेवून घेतलं होतं. यावरचा टाका तुमचा आहे, वहिनी."

वहिनी म्हणाले. ड्रायव्हर नाही.

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. डबा परत द्यावा तसं ते पोतं त्यांनी परत दिलं होतं. आता बोलायचं, मी स्वतःला म्हटलं. आणि तोंडातून आलं, "काका, चहा घेणार ना?"

"घेतो की," म्हणाले. "अर्धा कप."

किचनच्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो. टेक्सासला बर्फ पडत नाही, ते म्हणाले. बरं आहे, गुडघ्यांना बरं. मी म्हटलं, हो, बरं आहे. मग ते कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाले, "त्या दिवशी पहिल्याच वळणाला कळलं होतं मला. मागे काही नाही म्हणून. परत फिरायला हवं होतं. आजी वाट बघत असतील म्हणून घाई केली. इतरांना सांगतो घाई असेल तर उद्या जा, आणि स्वतः..." ते हसले. "तर चूक माझी होतीच. एकट्याची नसेल, पण होती."

एवढंच बोलले ते. माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मी पहिल्यांदा ट्रक सरळ केला आणि रडले, तेव्हा बघत होते तसे. मला वेळ देत होते. आज हे मला लख्ख दिसतं. तेव्हाही दिसत होतं.

मी विचारलं, "अजून थोडा देऊ?"

"नको," काका म्हणाले. उठले, स्वतःचा कप विसळून पालथा ठेवला, दारात जाऊन बूट घातले, आणि गेले. टेक्सासचा पत्ता त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही. बऱ्याच वर्षांनी ते गेल्याचं कुणाकडून तरी फोनवर कळलं, दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टी चालल्या असताना, मध्येच.

ते वाक्य मी आता गाडीत म्हणते. "काका, चुकलं माझं. पोती मी उतरवली होती." एकटी असते तेव्हा, मोठ्याने, मागे डिकीत ते पोतं असतं. लाल सिग्नल हिरवा व्हायच्या आत तीनदा म्हणून होतं.